उजेड? वास?

मसाल्यांच्या घराण्यात वेलदोड्याइतकं हलक्या कानाचं पोर दुसरं नाही. मिरची कोपऱ्यात टाका, पायाखाली तुडवा, ती आपली तिखटाला तिखट. हळद जाईल तिथे आपला रंग लावून येईल, पण दुसऱ्याचा अंगाला लागू देणार नाही. वेलदोडा तसा नाही. शेजारी जो बसेल त्याचं ऐकतो. मागच्या खेपेला ज्या कंटेनरमधून कातडी गेली, त्यातून वेलदोडा पाठवून बघा. समुद्रापलीकडे गोणी उघडली की चपलांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं, आणि अख्खा माल आल्या वाटेनं परत.

म्हणून त्या वखारीत एक जुना रिवाज होता. रिकामा कंटेनर आवारात आला की घरातला एकजण आत शिरायचा आणि दुसरा बाहेरून दोन्ही दारं लावून कडी घालायचा. आत काळाकुट्ट अंधार. डोळे सरावले की आतला माणूस मान वर करून छत, भिंती, कोपरे न्याहाळायचा. सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी त्यातून उजेड चांदणीसारखा चमकतो, आणि जिथून उजेड येतो तिथून बोटीवर पाणीही येतं. थोड्या वेळानं बाहेरचा हाक द्यायचा, "उजेड?" आतून यायचं, "नाही!" मग बाहेरचा विचारायचा, "वास?" पुन्हा, "नाही!" दोन 'नाही' मिळाले की कंटेनर पास. 'आहे' आलं तर पुढचा प्रश्न, "कसला?" कारण परत पाठवताना कंटेनरवाल्याला कारण सांगावं लागतं. आणि पुरतं उत्तर ऐकल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही, हा घरच्या कर्त्या मामंजींनी घातलेला दंडक होता. तरुणपणी एकदा कुणीतरी आतून नुसतं "हं" म्हटलं होतं, त्या 'हं'पायी त्यांचं एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं होतं.

धंदा मामंजींनीच उभा केलेला. बाहेरून लवंग, दालचिनी, जायफळ आणायचं; इथून वेलदोडा, मिरची, सुंठ, वाळवलेला लसूण पाठवायचा. दोन मुलगे. वखारीत सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचे, आणि धाकट्यांची बायको म्हणून ती धाकटी. लग्नानंतर वर्षभरातच ती नमुन्यांच्या खोलीत बसायला लागली, आणि कंटेनरच्या परीक्षेला नवराबायकोची जोडी ठरून गेली. तो आत, ती कडीवर.

"उजेड?"

"नाही!"

"वास?"

"आहे!"

"कसला?"

"काल कुणीतरी भाजी करपवलीय, तिचा! अजून नाकातून जात नाही!"

आवारातले हमाल पोट धरून हसायचे. ती कडीवर हात ठेवून म्हणायची, "बसा मग रात्रभर आतच. जेवायलाही करपलेलीच पाठवते." पत्र्याच्या आतून त्याचं हसू घुमायचं. त्या लोखंडी पेटीत साधा माणूस बोलला तरी ढोल वाजल्यासारखं ऐकू यायचं, पार फाटकापर्यंत.

तशाच एका पेटीत तो गेला.

भरलेल्या मालात किडा निघाला की परदेशातला माणूस एका शब्दात सगळं नाकारतो. म्हणून माल भरून झाला की गॅसवाला येतो, आत गोळ्या ठेवतो, दारं बंद करतो. गोळ्यांतून विषारी गॅस सुटतो. किडा मरतो. माणूसही मरतो. म्हणून गॅसवाला जाताना कवटीचं चित्र असलेला पिवळाधमक स्टिकर दोन्ही दारांच्या फटीवर चिकटवून जातो, अर्धा या दारावर, अर्धा त्या दारावर. मुदत संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. गॅसला सडक्या लसणासारखा वास येतो, असं प्रत्येक हमालाला पहिल्याच दिवशी सांगतात.

त्या दिवशी धाकट्यांना एका मिरचीच्या कंटेनरमधून आणखी एक नमुना हवा होता. ते दार उघडून गोण्यांवरून सरपटत आत गेले. बाहेर आले ते चौघांच्या हातांवर.

चौकशी झाली. थोरल्यांनी पिवळा स्टिकर पुढे केला. गॅसवाल्यानं चिकटवला होता, आम्ही हात लावला नव्हता, हा बघा. धाकट्यांना सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं, वास आला नाही, स्टिकरकडे लक्ष दिलं नाही. घाई आणि निष्काळजीपणा. कागद मिटले.

पण बोलणी कागदांबरोबर मिटत नाहीत. भेटायला येणाऱ्यांसमोर थोरले डोळे पुसत म्हणायचे, "काय सांगू? पोरीला सर्दी होती. तिला रात्रभर छातीशी धरून बसला. तीच सर्दी त्याला भोवली." ऐकणारे चुकचुकायचे आणि धाकटीच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघायचे. त्या गाठोड्यात दोडू असायची. जन्मली तेव्हा हिरव्या दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, दोन्ही टोकांना निमुळती. बापानं बघितलं आणि म्हणाला, "अगं, हा तर वेलदोडा!" तेव्हापासून दोडू. अजून दात न आलेली, आणि बाप खाल्ल्याचा आळ तिच्या कपाळी.

धाकटीचं सर्वांत मोठं दुःख हे, की तिलाही ते खरंच वाटलं होतं. दोडूचं ते वाहतं नाक तिनंच पुसलं होतं. "तुम्ही झोपा, मी घेते तिला," असं त्या रात्री तिनंच म्हटलं नव्हतं.

थोरल्यांनी तो स्टिकर काचेच्या चौकटीत घालून कचेरीच्या भिंतीवर लावला. खाली ठळक अक्षरं: 'सूचना वाचा, जीव वाचवा.' आल्यागेल्याला दाखवायचे. धाकटी त्या भिंतीकडे कधी बघायची नाही. कचेरीत शिरताना मान खाली घालायची आणि बाहेर पडूनच वर करायची. आणि बाकीच्यांचं म्हणाल तर भिंतीवरची गोष्ट आठवड्याभरात भिंतच होऊन जाते.

दिवस गेले. दोडू चालायला लागली, बोलायला लागली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेना. बापासारखीच.

मग तिला पुन्हा सर्दी झाली. साधीच, पोरांना होते तशी. संध्याकाळी धाकटी खोलीत आली तर दोडू आपली उशी ओढत दाराबाहेर चाललेली.

"कुठे निघाली स्वारी?"

"मी तिकडे झोपणार."

"का गं बाई? आईनं काय केलं?"

दोडूनं एका हातानं नाकतोंड गच्च दाबून धरलं होतं. त्यातूनच बोलली, "मला सर्दी झालीये. तू लांब झोप. नाहीतर तूपण मरशील."

धाकटी तिथेच खाली बसली. "कुणी सांगितलं तुला?"

"काकांनी. मी आजोबांच्या मांडीवर शिंकले ना, तर काका म्हणाले, लांब हो, तुझ्या सर्दीनं बाप गेला, आता आजोबांना तरी राहू दे." मग तिनं हात जरासा सैल केला. "आई, मी मुद्दाम नव्हती केली सर्दी."

धाकटीनं तिला ओढून घेतलं. पोर अंग चोरून, तोंड दुसरीकडे फिरवून मांडीवर पडली. जितका वेळ जमेल तितका वेळ श्वास रोखायची, मग घाबरून सोडायची, पुन्हा रोखायची. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडू आलं नाही. रडू यायच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, सुंठीसारखं कोरडं, आणि आत आत झोंबणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोडूचा नवा डबा भरायचा होता. डब्याच्या झाकणावर कंपनीचा स्टिकर होता, झाकण आणि डबा दोन्हींवर मिळून लावलेला. घाईत धाकटीनं झाकण उचलायला हात घातला तशी दोडू किंचाळली, "आई, नको! फाटेल!" मग जीभ बाहेर काढून, नखानं एक कोपरा सोडवत, मध्येच तोंडाची वाफ देत, तिनं स्टिकर अख्खा सोडवला आणि विजयी वीरासारखा वर धरला.

"बघ. हळूहळू काढला ना, की फाटत नाही. आणि मग परत चिकटवता येतो."

धाकटीच्या हातातला डबा हातातच राहिला.

झाकण उघडलं असतं तर फाटला असता. आधी काढला म्हणून अख्खा राहिला.

त्या दिवशी ती कचेरीत मान वर करून शिरली. चौकटीसमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच तो स्टिकर डोळे भरून पाहिला. पिवळाधमक. कवटीचे दोन डोळे, खाली दोन हाडं. आणि मधोमध, जिथे दोन दारांची फट असायला हवी, तिथे साधी चीरसुद्धा नाही. रोज मुदत संपलेल्या कंटेनरांची दारं उघडायची आणि दुभंगलेल्या कवट्या आवारात वाऱ्यावर उडत फिरायच्या. तिनं शेकड्यांनी झाडून टाकल्या होत्या. स्टिकर दारावर असता आणि धाकट्यांनी दार उघडलं असतं, तर ही कवटीही दुभंगली असती. ती अखंड होती. म्हणजे त्यांनी दार उघडलं तेव्हा दारावर काहीच नव्हतं. कुणीतरी आधीच निगुतीनं, कोपरा कोपरा सोडवत तो काढून ठेवला होता. परत चिकटवता यावा म्हणून.

का, तेही तिला उभ्याउभ्याच उमगलं. त्या आठवड्यात बोट चुकण्याची भीती होती. स्टिकरची मुदत संपल्याशिवाय ट्रकवाला कंटेनर उचलत नाही. स्टिकरच नसला तर प्रश्नच नाही. बंदरात तो बघतात, म्हणून तिथे पोहोचला की पुन्हा लावून टाकायचा. आणि ही असली अक्कल त्या वखारीत एकाच डोक्यात होती.

चोर आपला पुरावा लपवून ठेवतो. या बहाद्दरानं काच लावून भिंतीवर टांगला होता.

"काय बघतेस?" मागून थोरल्यांचा आवाज आला.

"काही नाही, भाऊजी." तिनं मान पुन्हा खाली घातली. "शिकतेय. सूचना वाचा, जीव वाचवा."

चौकट उचलून मामंजींपुढे नेता आली असती. पण थोरले म्हणाले असते, गोंद सुकला होता, आपोआप गळून पडला असेल. आणि त्यांच्या तोंडाला तोंड देणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. शिवाय, खरं सांगायचं तर, धाकटीला नुसता न्याय नको होता. ज्या तोंडानं तिच्या लेकीवर आळ घातला, त्याच तोंडानं तो परत घ्यायला हवा होता, चारचौघांत, घशाच्या शिरा ताणून. आणि मुख्य म्हणजे, आत शेवटच्या क्षणी काय वाटतं ते थोरल्यांना कळायला हवं होतं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात होती. भाऊ गेल्यापासून थोरल्यांनी कंटेनरमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःची पाळी आली की कंबर धरायचे, फोन काढायचे, मुकादमाला पुढे करायचे. लोक म्हणायचे, भावाचं दुःख. धाकटीही तेच म्हणायची. आता ती दुसरंच म्हणत होती, मनात.

पाच-सहा दिवसांतच वेलदोड्याची मोठी खरेदीदार बाई परदेशातून माल बघायला येणार होती. तिच्यासाठीचा रिकामा कंटेनर सकाळीच आवारात उन्हात उभा राहिला. धाकटी एकटीच आत जाऊन आली. तिनं मुकादमाला सांगितलं, "मी हुंगून घेतलाय. पुड्या टांगल्यात. दारं लावून ठेवा, धूळ जाईल." ओल शोषणाऱ्या पुड्या प्रत्येक कंटेनरात टांगतातच, त्यामुळे मुकादमानं मान डोलावली. सगळ्यांत आतल्या कोपऱ्यातल्या पुडीत मात्र ओल शोषायचं औषध नव्हतं. वाळवलेला लसूण तिनं दोन दिवस पाण्यात आंबवला होता, त्याचा ठेचा होता. वर पत्रा तापत होता.

खरेदीदार बाई उंच, अबोल, मराठी समजणारी, हसताना फक्त डोळ्यांनी हसणारी. मामंजी कचेरीच्या दाराशी, आवारातच खुर्ची टाकून बसले होते. थोरली जाऊही नटूनथटून पाहुणीच्या दिमतीला हजर. थोरल्यांची जीभ तर तेल लावल्यासारखी चालत होती. बोलता बोलता ते चौकटीपाशी आले आणि आवाज खाली आणला.

"यात माझा सख्खा भाऊ गेला, बाई. एक निष्काळजीपणा. तेव्हापासून प्रत्येक कंटेनरमध्ये मी स्वतः उभा राहतो. कुणावर सोडत नाही."

पाहुणीनं हात छातीशी नेला. मुकादमानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

धाकटीनं मान वर केली. "मग दाखवा ना, भाऊजी. कंटेनर बाहेर उभाच आहे. पाहुण्यांनाही बघायला मिळेल."

"आत्ता? अगं, ऊन किती..."

पाहुणी म्हणाली की तिला खरंच बघायला आवडेल. एवढ्या लांबून ती त्यासाठीच तर आली होती.

"मुकादम—" थोरल्यांनी सुरुवात केली.

"इश्श, मुकादम कशाला?" धाकटी हसली. "कुणावर सोडत नाही म्हणालात ना आत्ताच?"

मामंजी खुर्चीतून म्हणाले, "जा रे. कधीतरी मलाही दिसू दे तुझी परीक्षा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोरल्यांनी शर्टाची कॉलर सैल केली, हसल्यासारखं केलं आणि दारातून आत पाऊल टाकलं. "आतपर्यंत जा, भाऊजी," धाकटीनं सांगितलं, "भोकं कोपऱ्यातच असतात." मग तिनं एक दार लावलं. दुसरं लावलं. तिच्या हाताखाली ती ओळखीची, उन्हानं तापलेली कडी खळ्ळकन बसली.

आतून बुटांचा आवाज लांब लांब गेला आणि थांबला.

"उजेड?" तिनं हाक दिली.

"नाही." आवाज घुमला, पण कोरडा.

तिनं थोडा वेळ जाऊ दिला. पत्रा तापू दिला.

"वास?"

आत एक बूट सरकला. मग नाकानं जोरजोरात हुंगल्याचा आवाज, पेटीत तोही मोठा झालेला. मग धावत आल्याचा. मग दारावर दोन्ही मुठी.

"उघड! ए, उघड दार!"

"उत्तर नाही दिलंत, भाऊजी. वास?"

"आहे! आहे! उघड!"

"कसला?"

"लसणाचा! गॅस आहे आत! उघड, मेलो मी!"

आवारात चुळबूळ झाली. जाऊबाईंनी तोंडावर हात नेला. मुकादम पुढे सरकला. धाकटीनं कडीवरचा हात काढला नाही. तिचा आवाज अगदी मऊ होता, दोडूला समजावताना असायचा तसा.

"गॅस कसा असेल, भाऊजी? दारावर स्टिकर कुठाय?"

"स्टिकर नसला म्हणून काय झालं! काढला असेल कुणीतरी!"

"असं कोण करेल? स्टिकर काढतं का कुणी?"

"काढतात! बोट चुकत असली की काढतात! अगं, उघड, माझे आई!"

"कुणी काढला होता, भाऊजी? त्या दिवशी?"

आतून खोकला. तो खोकला खरा होता, नुसत्या भीतीचा.

"मी! मी काढला होता! मला वाटलं, उडाला असेल गॅस, संध्याकाळी बंदरात परत लावू... तो नमुन्याला जाईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही! उघड!"

ढोल वाजावा तसं एकेक अक्षर फाटकापर्यंत गेलं. डोक्यावर गोणी घेतलेला हमाल गोणीसकट उभा राहिला.

मुकादमाचा हात कडीकडे आला, आणि मागून आवाज आला, "थांब." मामंजी खुर्चीतून उठले होते. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "अजून तिचं विचारून झालेलं नाही."

धाकटीनं कपाळ तापलेल्या दाराला टेकवलं. एवढ्या जवळून ती कधी त्यांच्याशी बोलली नव्हती.

"आणि दोडूची सर्दी, भाऊजी?"

"काय?"

"माझ्या लेकीच्या सर्दीनं तिचा बाप गेला का?"

"नाही! नाही! पोरीचा काही दोष नाही! मीच पसरवलं ते, मीच! पाया पडतो तुझ्या!"

आता तिनं काहीच केलं नाही तरी पुरे होतं. उजेड नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे बाहेरची हवाही आत जायची नाही, आणि पत्रा तर तापतच होता. कडीवर हात तसाच ठेवायचा, बस. तिचा हात तसाच होता. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. दारामागचे ठोके हळू होत चालले होते, आणि तिला ते गोड लागत होते. खोटं कशाला बोला? गोड लागत होते.

मग तिच्या मनात आलं, हा आत मेला तर उद्या याचाही फोटो भिंतीवर लागेल. लोक हळहळतील. डोळे पुसतील. म्हणतील, बिचारा, भावाच्याच वाटेनं गेला.

नाही. एवढं स्वस्तात नाही. याला जगायला हवं. हे सगळं ऐकलेल्या माणसांमध्ये, रोज.

"काढ कडी, पोरी," मामंजी म्हणाले. "मला त्याचं तोंड बघायचंय."

तिनं कडी काढली. थोरले दारातून बाहेर कोसळले, मातीत हातापायांवर, तोंड आकाशाकडे वासून. जाऊबाई पाण्यासाठी धावल्या. धाकटी त्यांना ओलांडून आत गेली. शांतपणे, बाजारात भाजी घ्यायला जावं तशी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली, पुडी काढून आणली आणि थोरल्यांच्या तळव्यावर उपडी केली.

"लसूण आहे, भाऊजी. आपल्याच वखारीतला, पहिल्या प्रतीचा. सूचना वाचली असती तर कळलं असतं. पुडीवर लिहिलं होतं मी."

थोरल्यांनी तळव्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग सगळ्यांकडे. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांना काडीचीही इजा झाली नव्हती, आणि पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"फसवलंस तू मला," ते म्हणाले.

"हो," धाकटी म्हणाली.

मामंजी मुलाच्या अगदी जवळ गेले. हात उचलतील असं वाटलं. त्यांनी नुसतं विचारलं, "माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होतास ना रे तू?" उत्तराची वाट न बघता ते कचेरीत गेले, चौकट स्वतःच्या हातानं खाली उतरवली आणि मुकादमाला म्हणाले, "गाडी काढ. पोलिसांकडे जायचंय. ऐकलंय ज्यांनी ज्यांनी, त्यांनी चला."

ऐकणारे बरेच होते. गाडी पुरेना.

खरेदीदार बाई वेलदोडा न घेताच परतली. जाताना मात्र तिनं धाकटीचा हात हातात घेतला, आणि वास आला तरी लगेच सोडला नाही. तो कंटेनर वेलदोड्याच्या कामाचा उरला नव्हताच. पुढे त्यात लसूणच भरून पाठवला. जाऊबाईंनी तिच्याशी अबोला धरला, तो अजून आहे. धाकटीला पश्चात्ताप झाला का? छे. संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना तिला फक्त भूक लागली होती, कितीतरी दिवसांनी सणसणून.

दोडू खिडकीपाशी बसली होती, नाक लाल, बाही ओली. आईला बघून तिनं सवयीनं हात तोंडावर नेला. धाकटीनं तो हात काढला, आपल्या गालावर ठेवला.

"दोडू, काकांनी आज काय सांगितलं माहितीये? बाबा तुझ्या सर्दीनं नाही गेले. काकांची चूक होती. खूप मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. आजोबांनीसुद्धा."

"फाटकापर्यंत ऐकू गेलं?"

"फाटकाबाहेरसुद्धा."

दोडूनं यावर बराच विचार केला. मग विचारलं, "मग मी शिंकू?"

"शिंक की."

ती शिंकली. आईच्या थेट तोंडावर, साठवून ठेवलेली, दणदणीत. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि धाकटीला हसू आवरेना. तिनं पलंगावरची जाड चादर ओढून दोघींच्या डोक्यावरून घेतली. आत अंधार झाला, उबदार.

"एक खेळ शिकवते. बाबांचा आहे. नीट बघायचं आणि खरं सांगायचं. उजेड?"

"नाही!" दोडूनं कोपरे तपासून सांगितलं.

"वास?"

पोरीनं आईचा हात ओढून नाकापाशी नेला, चोंदलेलं नाक फुरफुरत आत ओढलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा काहीतरी मोकळं झाल्यासारखी ताठ बसली.

"आहे!"

"कसला?"

"लसणाचा! ई, आई! हात नाही धुतलेस तू!"